मूठ सोडली की थांबलं पाहिजे

बर्फ फेकणाऱ्या यंत्राला एकाच वेळी दोन कामं करायची असतात आणि ती एकमेकांच्या आड येतात. पुढचा आडवा स्क्रू आणि त्यामागचा पंखा सतत पूर्ण वेगात फिरायला हवा. त्यांचा वेग पडला की बर्फ वरच्या नळीतून उडण्याऐवजी तिथेच गच्च बसतो. चाकं मात्र बर्फ जितका जड तितकी हळू चालली पाहिजेत. मोटारीत पाय उचलला की सगळंच मंदावतं आणि तिथे तेच हवं असतं. इथे थ्रॉटल कमी केला तर चाकं हळू होतात खरी, पण पंख्याचा जोरही जातो, आणि तोही नेमका जिथे त्याची सर्वांत जास्त गरज असते तिथेच. म्हणून स्नोब्लोअरचं इंजिन एका ठरलेल्या वेगाला, बहुतेक वेळा मिनिटाला ३,६०० फेऱ्यांना, बांधून ठेवतात आणि चाकांचा वेग बदलण्याचं काम वेगळ्या यंत्रणेकडे देतात. ती यंत्रणा कोणती असावी आणि तिचे दांडे कोणत्या हाताखाली यावेत, हा वाद या यंत्राइतकाच जुना आहे आणि अजून मिटलेला नाही.

मी विस्कॉन्सिन राज्यात राहतो, मिशिगन सरोवराच्या काठापासून फार लांब नाही. नोकरी गिअरची केली. गिअर कापणं, मोजणं, तुटलेले दात भिंगाखाली धरून ते का तुटले हे शोधणं, यातच उमेदीची वर्षं गेली. आता निवृत्तीनंतर ओळखीच्या लोकांची बर्फयंत्रं दुरुस्त करतो. थँक्सगिव्हिंगचा सण जवळ आला की गॅरेजसमोर रांग लागते, कारण पहिला बर्फ पडेपर्यंत कोणाला यंत्राची आठवण होत नाही. या कामासाठी याहून चांगली जागा मिळाली नसती. याच पट्ट्यातल्या ब्रिलियन गावात एरियन्स, प्लिमथ गावात गिल्सन बंधू, पोर्ट वॉशिंग्टनला सिम्प्लिसिटी आणि मिलवॉकीत इंजिनं बनवणारी ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन. मोटारीने दीड-दोन तासांच्या टापूत अमेरिकेतल्या घरगुती स्नोब्लोअरचा अर्धाअधिक इतिहास घडला. इथे ओतशाळा होत्या, दूधधंद्याला लागणारी शेतयंत्रं बनवणारे कारखाने होते आणि बर्फ तर दारातच होता.

सुरुवात मात्र कॅनडात झाली, आणि ती रेल्वेच्या रुळांवर. १८६९ साली टोरांटोचे दंतवैद्य जे. डब्ल्यू. इलियट यांनी फिरत्या चाकाने बर्फ उडवणाऱ्या नांगराची कल्पना मांडली. पुढे ऑन्टारिओतल्याच ऑरेंजव्हिल गावच्या ऑरेंज जल यांनी ती सुधारली आणि १८८०च्या दशकात टोरांटोच्या लेस्ली बंधूंनी तो नांगर प्रत्यक्ष बांधला. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या नांगराच्या डब्यात बॉयलर होता, वाफेचं इंजिन होतं, पण त्याची ताकद फक्त पुढचं चाक फिरवण्यासाठी होती. स्वतःच्या बळावर तो एक फूटही पुढे सरकत नसे. मागून एक, कधी दोन-तीन इंजिनं त्याला ढकलत. म्हणजे फेकण्याची ताकद आणि चालण्याची ताकद पहिल्या दिवसापासून वेगळी होती. या दोघांमधला दुवा होता शिट्टी. नांगराच्या डब्यात उभा असलेला माणूस समोरचा बर्फ पाहून शिट्टीने खूण करी, आणि मागचा ड्रायव्हर त्यावरून वेग कमी-जास्त करी किंवा थांबे. खूण द्यायची, ती ऐकायची, मग हात हलवायचा. यात गेलेला वेळ म्हणजे तेवढा बर्फ जास्त आत शिरणार. नियंत्रणाचा प्रश्न म्हणतात तो हाच, आणि तो दातांच्या संख्येने सुटत नाही.

रस्त्यावर हे यंत्र आणलं आर्थर सिकार यांनी. क्वेबेकमधल्या सेंट लेओनार परिसरात १८७६ साली जन्मलेला हा शेतकरी कुटुंबातला माणूस. बर्फाने वाटा अडल्या की दूध शहरात पोचत नाही, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. शेतातलं मळणीयंत्र धान्य ओढून घेऊन भूस बाहेर उडवताना पाहून त्यांच्या मनात ही कल्पना रुजली, असं सांगतात. १९२५ साली त्यांचं यंत्र तयार झालं आणि १९२७ मध्ये माँट्रियलला लागून असलेल्या उत्रमाँ गावाने पहिलं यंत्र विकत घेतलं. चारही चाकांना ताकद असलेला ट्रक, त्याला चालवायला ट्रकचं स्वतःचं इंजिन आणि बर्फ गोळा करून उडवायला दुसरं स्वतंत्र इंजिन, अशी ती रचना होती. बर्फ नव्वद फुटांवर उडायचा किंवा शेजारी चालणाऱ्या ट्रकमध्ये भरला जायचा. सिकार यांनी गिअरबॉक्सचा प्रश्न सोडवला नाही. एकाऐवजी दोन इंजिनं बसवून त्यांनी तो प्रश्नच उद्भवू दिला नाही.

हीच मोकळीक घरगुती यंत्राला परवडत नाही. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मिनेसोटाच्या टोरोने मागून चालत ढकलायची यंत्रं बाजारात आणली. १९६० मध्ये ब्रिलियनच्या एरियन्सने आपला नारिंगी ‘स्नो-थ्रो’ काढला. हेन्री एरियन्स आणि त्यांच्या मुलांनी १९३३ साली, मंदीत आधीचा ओतकामाचा धंदा हातचा गेल्यावर, जमीन भुसभुशीत करणारी टिलर यंत्रं बनवायला सुरुवात केली होती. त्यामुळे दोन मुठी धरून मागे चालायचं यंत्र त्यांना नवं नव्हतं. पण टिलर आणि स्नोब्लोअर यांत एक मोठा फरक आहे. शेतात जमीन साधारण सारखी असते आणि एकदा बसवलेला वेग तासभर चालतो. ड्राइव्हवेवर तसं होत नाही. घराजवळचा बर्फ भुसभुशीत असतो. मध्ये वाऱ्याने उडवून नेल्यामुळे जेमतेम चार बोटांचा थर उरतो. आणि टोकाला, जिथे नगरपालिकेच्या नांगराने रस्त्यावरचा सगळा चिखलबर्फ आपल्या दारात लोटलेला असतो, तिथे गुडघाभर उंच, मीठ मिसळलेला, रात्रीत गोठून विटेसारखा झालेला बांध उभा असतो. तीस पावलांत तीन वेगळे वेग लागतात. इंजिन मात्र एकच असतं.

पहिला मान साहजिकच गिअरचा. सरकते दात, ठरलेल्या तीन-चार पायऱ्या, मजबूत काम. गिअरचा माणूस म्हणून मी त्यांचा कैवार घ्यायला हवा, पण या यंत्रात मी तो घेत नाही. असे साधे गिअर चालू असताना बदलता येत नाहीत. आधी थांबायचं, क्लच सोडायचा, दांडा सरकवायचा, दात एकमेकांत बसले नाहीत तर यंत्र जरा हलवायचं, मग पुन्हा सुरू करायचं. उणे वीस अंशांत डब्यातलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. शिवाय पायऱ्यांमधलं अंतर मोठं असतं. पहिला वेग रटाळ आणि दुसरा जरा जास्तच, अशी तक्रार मी जुन्या यंत्रांच्या मालकांकडून नेहमी ऐकतो.

घरगुती यंत्रांत गिअरवर मात केली ती एका अशा युक्तीने जी मोटारीच्या दुनियेत केव्हाच बाद ठरली होती. एक सपाट धातूची तबकडी इंजिनच्या पट्ट्याने फिरते. तिच्या तोंडावर, तिच्याशी काटकोनात, रबराची कड असलेलं एक चाक टेकतं आणि तेच पुढे साखळीने किंवा गिअरने यंत्राची चाकं फिरवतं. हे रबरी चाक तबकडीच्या त्रिज्येवर आतबाहेर सरकवता येतं. तबकडी मिनिटाला ९०० फेऱ्या घेते आणि रबरी चाकाची त्रिज्या ७ सेंटिमीटर आहे असं धरू. चाक मध्यापासून ७ सेंटिमीटरवर टेकवलं तर तेही ९०० फेऱ्या घेईल, साडेतीनवर आणलं तर ४५०, अगदी मध्यावर शून्य. आणि मध्य ओलांडून पलीकडे नेलं की तेच चाक उलटं फिरू लागतं. एकही दात न बदलता पुढचे सगळे वेग, थांबा आणि मागची चाल, तिन्ही एका सरळ रेषेवर मिळतात. १९३१ साली मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत व्हॅनेव्हर बुश यांनी समीकरणं सोडवणारं जे भलंमोठं यांत्रिक गणकयंत्र बांधलं, त्याच्या गाभ्यातही तबकडीवर टेकलेलं असंच चाक होतं. मध्यापासूनचं अंतर म्हणजे एक संख्या, हा विचार मला आजही सुंदर वाटतो.

मोटारींत ही युक्ती आणणाऱ्यांपैकी एक मिशिगनचे बायरन कार्टर. त्यांची ‘कार्टरकार’ कंपनी १९०५ साली निघाली. गिअर नाहीत, त्यामुळे गिअर करकरणं नाही, ही तिची मोठी जाहिरात होती. कार्टर १९०८ मध्ये वारले, १९०९ मध्ये जनरल मोटर्सने कंपनी घेतली आणि १९१५ च्या सुमारास ती मोटार बंद झाली. इंडियानातल्या अँडरसन गावचे जॉन लॅम्बर्ट यांच्या मोटारीही याच तत्त्वावर चालत आणि त्याही पुढे टिकल्या नाहीत. कारण उघड आहे. इंजिनं बलदंड होत गेली, वेग वाढले आणि दोन पृष्ठभागांच्या नुसत्या घर्षणावर एवढी ताकद पेलवेना. चाकाच्या कडेला थोडी तरी रुंदी असणारच, तिचा बाहेरचा काठ तबकडीच्या वेगवान भागावर आणि आतला काठ हळू भागावर, म्हणजे कड सतत घासली जाणार. पण स्नोब्लोअरला किती वेग हवा? माणसाच्या पावलाइतका, ताशी साडेतीन-चार किलोमीटर फार झाले. ताकद किती? चाकांपुरती थोडीशी, कारण बहुतेक ताकद पुढे बर्फात जाते. मोटारीला जो भार पेलला नाही तो इथे नव्हताच. एरियन्सने आपल्या या रचनेला ‘डिस्क-ओ-मॅटिक’ असं नाव दिलं. बाकीच्यांनीही त्याच वाटेने जाऊन दांड्याला खाचा ठेवल्या, सहा पुढच्या आणि दोन मागच्या. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक मध्यम यंत्रांत हीच तबकडी आहे.

तिला लोक स्वस्तातली तडजोड म्हणतात तेव्हा मला राग येतो. एक तर ती घरी दुरुस्त होते. खालचं झाकण काढा, रबर झिजलं असेल तर चार-सहा बोल्ट सोडून नवं बसवा. तेल किंवा पाणी लागून चाक घसरत असेल तर पुसून काढा. गिअरचा डबा फुटला तर ते घरचं काम राहत नाही. दुसरं असं की ती वेळेला घसरते. बर्फाखाली उचललेली फरशी लागली, यंत्र अडलं, तर रबर घसरेल पण काही तुटणार नाही. याच विचाराने पुढचा स्क्रू त्याच्या दांड्याला मऊ पिनने जोडलेला असतो. दगड अडकला की दोन-चार डॉलरची ती पिन तुटते आणि आतला गिअर वाचतो. ती हरवली म्हणून तिच्या जागी कडक बोल्ट ठोकणारे लोक आहेत. त्यांच्या यंत्रांतून मी काढलेल्या गिअरचे दात सपाट झालेले असतात. कुठे कमकुवत राहायचं हे ठरवणं हा आराखड्याचा भाग आहे, आणि तो मालकाला समजावून सांगणं हाही.

पण तबकडी जिंकली त्याचं सर्वांत मोठं कारण मला आणखी एक वाटतं, आणि इथे दांड्यांचा वाद खऱ्या अर्थाने तापतो.

१९६०च्या दशकातल्या बऱ्याच यंत्रांवर क्लचचा दांडा एकदा ओढला की तसाच राहायचा. यंत्र चालत राहायचं. माणूस घसरून पडला तरी ते पुढे जायचं, स्क्रू फिरत असताना. याहून वाईट अपघात नळीपाशी व्हायचे. ओला बर्फ तुंबला की माणूस पुढे येऊन हात आत घालायचा. अमेरिकेतले हाताचे शल्यचिकित्सक आजही हिवाळ्यात हेच बजावतात: इंजिन बंद केलं तरी हात घालू नका, कारण ताणलेल्या पट्ट्यात जोर साठलेला असतो आणि तुंबलेला गोळा सुटताच पंखा अर्धी फेरी फिरतो. बोटं जायला तेवढं पुरतं. गवत कापण्याच्या यंत्रांसाठी अमेरिकी सरकारने सक्तीचा नियमच केला. १९८२ पासून मूठ सोडल्यावर तीन सेकंदांत पातं थांबलं पाहिजे. स्नोब्लोअरसाठी उत्पादकांनी आपसांत मान्य केलेलं मानक आलं आणि मूठ सोडली की चाकंही थांबतील, स्क्रूही थांबेल, ही अट रूढ झाली. स्क्रूला त्यासाठी साधारण पाच सेकंद मिळतात.

ही कल्पना मला परकी कधीच नव्हती. माझे मामा मुंबईच्या लोकल गाड्यांवर मोटरमन होते. मोटरमनच्या केबिनमधला डेडमॅन हँडल त्यांनी मला समजावला होता. गाडी चालवताना तो दाबूनच ठेवायचा. हात सुटला तर वीज तुटते आणि ब्रेक लागतात. मामा म्हणायचे, “अरे, मी शुद्धीवर आहे हे मी गाडीला सतत सांगत असतो. सांगायचं थांबलो की ती थांबते.” मुंबईत विजेची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावली, म्हणजे सिकार माँट्रियलमध्ये आपलं यंत्र पुरं करत होते त्याच वर्षी. गाडीतले हजारो लोक आणि ड्राइव्हवेवरचा एक माणूस, दोघांचा जीव शेवटी एकाच नियमावर येऊन ठेपला.

आता तबकडीकडे पुन्हा पाहा. तबकडी आणि रबरी चाक यांना स्प्रिंगने वेगळं ठेवलेलं असतं. मूठ दाबली की ती एकमेकांवर टेकतात, मूठ सोडली की आपोआप सुटतात. म्हणजे तबकडी हाच क्लच. मूठ सोडल्यावर थांबण्याची अट पाळायला तिला वेगळा भाग जोडावा लागत नाही. गिअरच्या डब्याला मात्र त्याच्याबाहेर पट्ट्याचा ताण सोडणारी पुली किंवा निराळा क्लच द्यावा लागतो. सुरक्षिततेचा आग्रह वाढला तेव्हा तबकडी त्याला आधीच तयार होती. ती टिकून राहिली यात स्वस्ताईचा वाटा आहेच, पण माझ्या मते याचा वाटा मोठा आहे.

मग नवी अडचण आली. डाव्या मुठीत एक दांडा, उजव्या मुठीत दुसरा, एक चाकांचा आणि एक स्क्रूचा, आणि दोन्ही सतत दाबून धरायचे. मग बर्फाची नळी वळवायची कोणत्या हाताने? वारा फिरला आणि उडालेला बर्फ शेजाऱ्याच्या मोटारीवर जाऊ लागला तर दर वेळी यंत्र थांबवायचं का? यावरचा तोडगा म्हणजे दोन्ही दांड्यांना जोडणारी एक छोटी खिट्टी. दोन्ही दांडे दाबले की चाकांचा दांडा स्क्रूच्या दांड्याला धरून ठेवतो, तो हात मोकळा होतो आणि नळी वळवता येते. चाकांचा दांडा सोडला की दोन्ही एकदम थांबतात. मला ही खिट्टी फार आवडते. एका हाताचं वचन दुसऱ्या हातावर सोपवलं, पण मोडलं नाही.

तरी चाकांचा दांडा डावीकडे असावा की उजवीकडे, यावर कंपन्यांचं एकमत झालेलं नाही. काहींनी डावीकडे ठेवला आहे, काहींनी उजवीकडे. ज्याने वीस वर्षं एक यंत्र वापरलं तो नवं घेतो तेव्हा त्याचे हात उलटे पडतात. मोटारीत ब्रेक कुठे आणि ॲक्सिलरेटर कुठे याबद्दल कोणी आपली मर्जी चालवत नाही. इथेही चालवायला नको होती. हे आधीच ठरवलं गेलं नाही याचं मला अजूनही वाईट वाटतं.

वळण्याचा वाद त्यामानाने सुटल्यात जमा आहे. जुन्या यंत्रांत दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की असायची. सरळ जाताना ओढ उत्तम, वळताना मात्र कंबर मोडायची. मग एका चाकाची पिन काढून ते मोकळं सोडायची सोय आली, मग डिफरन्शियल, आणि आता मुठीखाली दोन घोडे. डावा ओढला की डावं चाक सुटतं आणि यंत्र डावीकडे वळतं. कोकणात भातखाचरात पॉवर टिलर चालवलेल्या माणसाला यात नवं काही नाही, कारण टिलरच्या मुठींखाली हेच स्टिअरिंग क्लच असतात. देवरुखकडचे माझे एक नातेवाईक इथे आले होते, त्यांनी पहिल्याच सकाळी माझं यंत्र सरावाने वळवून दाखवलं. त्यांनीच आठवण करून दिली की उतारावर टिलर उलटा वळतो. इंजिन मागे खेचत असतं, सुटलेलं चाक उलट जास्त पळतं, आणि डावा क्लच ओढावा तर यंत्र उजवीकडे जातं. उताराच्या ड्राइव्हवेवर असे घोडे देणाऱ्या आराखडाकाराने एक दिवस खाचरातल्या माणसाबरोबर काढावा.

तबकडीला खरी स्पर्धा आहे ती तेलाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम्स आणि जॅनी यांनी युद्धनौकांवरच्या तोफा सावकाश आणि अचूक फिरवण्यासाठी तेलाच्या दाबावर चालणारी वेग बदलण्याची यंत्रणा बनवली होती. एका पंपातले दट्टे किती सरकतील हे एका तिरक्या पट्टीने ठरवायचं, आणि त्या तेलाने दुसऱ्या बाजूची मोटर फिरवायची. पट्टी सरळ केली की शून्य, उलट्या बाजूला कलवली की मागची चाल. गणित तबकडीसारखंच, फक्त घर्षणाच्या जागी तेल. होंडाने हे हायड्रोस्टॅटिक नियंत्रण मागून चालायच्या स्नोब्लोअरमध्ये वापरलं आणि ते वापरून पाहिलेला माणूस पुन्हा खाचांच्या दांड्याकडे सहसा वळत नाही. चालू असताना वेग बदलता येतो, अगदी केसभर. तबकडीवर असं करू नका म्हणून कंपन्या सांगतात, कारण दाबलेलं रबर आडवं खरवडलं जातं. पण तेलाचं यंत्र महाग असतं, त्याचा पंप घरी उघडता येत नाही, आणि इंजिन बंद पडलं तर चाकं अडून बसतात. वेगळा दांडा ओढून तेलाला वाट करून दिल्याशिवाय ते गॅरेजमध्ये ढकलताही येत नाही. हिमवादळात, अंधारात, तो दांडा शोधणाऱ्यांना मी फोनवर वाट दाखवलेली आहे.

होंडाने पुढे मोठ्या यंत्रांत इंजिन फक्त बर्फासाठी ठेवलं आणि चाकांना विजेच्या मोटरी दिल्या. पंख्यावर भार आला की यंत्र आपणहून हळू होतं. सिकार यांची दोन इंजिनं, आता एका माणसाच्या हाताखाली. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांत तर चाकांना स्वतंत्र मोटर देणं हेच सोपं आहे, आणि तबकडीची गरजच उरत नाही.

इथेच माझा आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एका तरुण इंजिनिअर मुलीशी वाद चालतो. ती कारखान्यांतल्या रोबोंच्या नियंत्रणाचं काम करते आणि मला काका म्हणते. ती म्हणते, “काका, दांडा आता फक्त बटण आहे. यंत्राला भार कळतो, उतार कळतो. वेग माणसाने का ठरवायचा?” वेग यंत्राने ठरवावा, हे मला मान्य आहे. माझी हरकत थांबण्याला आहे. स्प्रिंगने तबकडी दूर झाली की मधली फट डोळ्यांना दिसते. मुठीखालचं बटण सुटल्यावर मोटर थांबेल की नाही हे एका प्रोग्रॅमवर अवलंबून असतं. मूठ सोडताच वीज खरोखर तुटली पाहिजे, कोणत्याही प्रोग्रॅमला न विचारता, एवढा माझा हट्ट आहे. तो तिने मान्य केला. त्यांच्या धंद्यातही तसंच करतात.

पण तिने मला जे सांगितलं ते माझ्या आयुष्यभराच्या समजुतीला धक्का देणारं होतं. घाबरलेला माणूस मूठ सोडत नाही, ती आवळतो. म्हणून रोबो शिकवताना हातात धरायच्या उपकरणावर तीन स्थितींची मूठ असते. सोडली तर थांबा, मधोमध धरली तर चालू, जोरात आवळली तरीही थांबा. स्नोब्लोअरला हीच मूठ द्या, असं तिचं म्हणणं. माझं उत्तर असं की रोबो शिकवणारा माणूस गरम शेडमध्ये काही मिनिटं उभा असतो. इथे जाड हातमोजे घालून तासभर खडबडीत बर्फावर यंत्र धरायचं असतं, दर धक्क्याला मूठ आवळली जाणार आणि यंत्र बंद पडत राहणार. तिसऱ्या वेळी मालक त्या दांड्यावर चिकटपट्टी गुंडाळून मोकळा होईल. आजच्या साध्या मुठीही लोक बांधून ठेवतात हे मी पाहिलं आहे. अशा बांधलेल्या मुठीचं यंत्र मी दुरुस्त करून देत नाही, आधी पट्टी काढायला लावतो.

शेवटी आम्ही दोघं एका जागी येऊन भेटलो, ती जागा म्हणजे मागची चाल. मागे येणारं यंत्र माणसाला गॅरेजच्या दाराशी दाबू शकतं, आणि पाठ दाराला लागली की मूठ आवळली जाणार हे नक्की. मागची चाल दर वेळी काही क्षणांचीच असते, त्यामुळे हात थकण्याचा प्रश्न येत नाही. तेव्हा पुढे जाताना साधी मूठ आणि मागे येताना तीन स्थितींची. मूठ एकच, पण मागच्या चालीत असताना जोरात आवळली तर थांबणारी. बॅटरीच्या यंत्रात हे करता येईल, असं ती म्हणते. पुढच्या खेपेला ती त्या मुठीचा लाकडी नमुना करून आणणार आहे. चाचणी बाहेर, थंडीत आणि हातमोजे घालूनच घ्यायची असं ठरलं आहे, कारण किती दाब म्हणजे आवळणं आणि किती म्हणजे नुसतं धरणं, हा आकडा उघड्या हाताने काढता येणार नाही.